चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या आधी

मार्केट यार्डात पहाट तीनलाच होते. फळबाजारात गाड्या लागतात, हमाल पाठीवर गोणपाट टाकून उभे राहतात, आडत्यांच्या गाळ्यांवर दिवे पेटतात. माझे अब्बा एका आडत्याकडे दिवाणजी होते. त्यामुळे माझं लहानपण गुलटेकडीच्या या परिसरातच गेलं आणि आजही मी इथून फार लांब राहत नाही. शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएड होऊन वीस वर्षं झाली. तरी मुलाला भाषा येते कशी, हे मला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून कळलं नाही. ते मला एका आईने विचारलेल्या प्रश्नामुळे नीट शोधावं लागलं.

ती फळबाजारातल्या एका टेम्पोवाल्याची बायको. बागवानांची सून. तिचा मुलगा दोन वर्षं तीन महिन्यांचा होता. सगळं समजत होतं, हाताने दाखवत होता, पण तोंडातून चार-पाच शब्दांपलीकडे काही निघत नव्हतं. एका खासगी नर्सरीत नाव घालायला गेली, तेव्हा तिथल्या बाईंनी तिला सांगितलं की घरात तुमची ती भाषा बंद करा, इंग्रजी बोला. ती माझ्याकडे आली ती रडवेली होऊनच.

"बाजी, बच्चा बोलताच नै. मॅडम बोली घर में इंग्लिश बोलो कर के. मेरेकू आती क्या इंग्लिश? अब मैं उसके सामने चुपच बैठती."

शेवटचं वाक्य ऐकून मी हादरले. म्हणजे सल्ला मिळाला आणि आईने मुलाशी बोलणंच सोडलं. जी भाषा येते ती वाईट, आणि जी चांगली ती येत नाही. मग उरलं काय? उरला मोबाईल. तो इंग्रजी गाणी लावून मुलाच्या हातात दिलेला होता.

पण दुसऱ्यांना दोष देण्याआधी मी माझं सांगते. पहिलीच्या वर्गात मूल "मेरेकू नक्को" म्हणालं की मीही अनेक वर्षं लगेच टोकत होते, "मेरेकू नहीं, मुझे. नक्को नहीं, नहीं चाहिए." पालकसभेत तर मी आयांना सांगत असे की घरी जरा साफ जबान वापरा. त्या मान खाली घालून ऐकायच्या. त्यांपैकी किती जणी घरी जाऊन गप्प बसल्या असतील, हे आता कळायला मार्ग नाही.

आपल्या घरांमधून बिस्मिल्लाहची रस्म असते. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला नवे कपडे घालून बसवतात, पहिला सबक देतात, मिठाई वाटतात. तालीम तिथून सुरू झाली असं आपण मानतो. रस्म सुंदर आहे, माझीही झाली होती. पण प्रश्न असा आहे की त्या दिवशी सबक म्हणायला बसणारं मूल बोलायला कुठून शिकून आलेलं असतं? त्याआधीच्या चार वर्षांचा उस्ताद कोण? त्या उस्तादाचं नाव आपण कुठेच लिहीत नाही. खरं तर त्याचाही इतिहास आहे, आणि तो आपल्या दख्खनचा आहे.

तो इतिहास विजापूरपासून सांगता येतो. आदिलशाहीच्या काळात तिथे चिश्ती सूफींचं एक घराणं होतं. मीरांजी शम्सुल उश्शाक आणि त्यांचे पुत्र बुऱ्हानुद्दीन जानम. दरबारात आणि विद्वानांत फारसीची प्रतिष्ठा होती. या बापलेकांनी मात्र लोकांच्या जबानीत लिहिलं. जिला आज आपण दखनी म्हणतो ती ही जबान. त्या काळी फारसी-अरबी सोडून असल्या बोलीत का लिहिता, याचं समर्थन त्यांना आपल्या लिखाणातच करावं लागलं आहे. म्हणजे घरातल्या भाषेची लाज वाटणं हे आजचं दुखणं नाही, चारशे वर्षांहून जुनं आहे.

या परंपरेतून पुढे छोटी छोटी गीतं तयार झाली. चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा अशी त्यांची नावं. दळताना, सूत कातताना, पाळणा हलवताना बायकांनी म्हणायची. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने १९७८ च्या आपल्या 'सूफीज ऑफ बिजापूर' या ग्रंथात या गीतांना मोठं महत्त्व दिलं आहे. एका चक्कीनाम्यात जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा दिलेली आहे. अलिफ म्हणजे अल्लाहच्या नावातलं पहिलं अक्षर. लिहिता-वाचता न येणारी बाई दळता दळता हे म्हणणार आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलेलं मूल ते ऐकणार. दख्खनमध्ये इस्लाम सामान्य घरांत कसा पोहोचला, याचं ईटन यांचं एक उत्तर हेच आहे. सूफींच्या गूढ ग्रंथांतून नव्हे, तर बायकांच्या ओठांतून आणि त्यांच्या मुलांच्या कानांतून.

शेजारच्या मराठी घरातही जातं तसंच फिरत होतं. तिथे ओवी होती. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या पुण्यातल्या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्यांमध्ये मुसलमान बायकाही आहेत, आणि त्या मराठीतच गातात. दळण गिरणीवर गेलं आणि जात्याबरोबर ओवीही गेली. आपल्या घरातला चक्कीनामा तर त्याच्याही आधी गेला. माझ्या नानीला दळतानाचं काहीतरी म्हणता येत असे. मी ते कधी लिहून ठेवलं नाही. उर्दूची शिक्षिका असून ठेवलं नाही.

दखनी आणि मराठी या दोन जणी किती जवळ नांदल्या, हे पाहायला ग्रंथालयात जायची गरज नाही. त्या आईचीच वाक्यं पुन्हा पाहा. "बोलताच नै" मधला 'च' मराठीचा आहे. दिल्ली-लखनौच्या उर्दूत तो नाही, तिथे 'ही' येतो. 'नक्को' म्हणजे आपलं 'नको'. उलट बाजूने मार्केट यार्डची मराठी घ्या. बाजार, तराजू, बागवान हे फारसीतून आले. हमाल, दलाल, माल, वजन, हिशेब, नफा, जमा हे अरबीतले, फारसीच्या वाटेने मराठीत उतरले. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव ज्यूलियन यांनी, १९२५ साली असल्या शब्दांचा 'फार्शी-मराठी कोश' केला. तेव्हा मी ज्या मुलांना अशुद्ध म्हणून टोकत होते, ती मुलं बिघडलेलं काही बोलत नव्हती. चारशे वर्षं एका आळीत राहिल्याची खूण ती बोलत होती.

आता बाळाच्या बोलण्याकडे येते. त्यातही पुण्याचा वाटा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये अशोक रा. केळकर नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. जन्म १९२९ चा, पुण्याचाच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट करून आले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, 'रुजुवात' या ग्रंथाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या माणसाने हिंदी-उर्दूच्या ध्वनिव्यवस्थेवर १९६८ साली पुस्तक लिहिलं, म्हणून मला त्यांचं नाव ठाऊक होतं. पण त्याआधी, १९६४ साली, त्यांनी 'वर्ड' या नियतकालिकात एक निबंध लिहिला होता. विषय होता मराठी माणसं तान्ह्या बाळाशी ज्या भाषेत बोलतात ती भाषा. एवढ्या मोठ्या विद्वानाने भूभू, चिऊ, काऊ, जोजो, मम्मम या गोष्टींचा अभ्यास करावा, याचं मला आधी हसू आलं. नंतर लाज वाटली.

त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन अभ्यासकाने जगातल्या सहा भाषांमधली बाळबोली एकत्र ठेवून पाहिली. अरबी, मराठी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची आणि गिलियाक. त्यात मराठी आणि अरबी शेजारी शेजारी आहेत, हे मला विशेष वाटतं. एकमेकींहून इतक्या वेगळ्या असलेल्या या भाषांमध्ये बाळाशी बोलायची तऱ्हा मात्र मिळतीजुळती निघाली. सोपे उच्चार, शब्दाची पुनरुक्ती, आणि शब्द कशाकशाचे तर खाण्याचे, झोपण्याचे, अंगाचे, प्राण्यांचे, नात्यांचे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट अशी की हे शब्द बाळ तयार करत नाही. ते मोठ्या माणसांकडून येतात. आजीने आईला दिलेले, आईने बाळाला दिलेले. भाषा शिकवायची ही एक जुनी पद्धत आहे, तिला कुणी पद्धत म्हणत नाही एवढंच.

त्यानंतरच्या संशोधकांनी ही पद्धत काय काम करते ते तपासलं. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की नुकतं जन्मलेलं मूल दुसऱ्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतं. म्हणजे कान पोटातच कामाला लागलेला असतो. आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशीही बोलायचं असतं, हे त्या रिवाजात आधीच आहे.

१९८४ सालचा एक प्रयोग तर मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवते. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना त्यांतला फरक सहसा कळत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना कळला. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र ही ताकद बरीच ओसरली, कारण घरात तो फरक कुणी करत नव्हतं. ज्या घरात हिंदी बोलली जाते तिथल्या बाळांमध्ये ती टिकून राहिली. म्हणजे आपलं मूल पहिल्या वाढदिवसाच्या आत कान ठरवून टाकतं. आपण म्हणतो, अजून लहान आहे, त्याला काय कळतंय.

आणि मोबाईलचं काय? पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसोबत चिनी बोलणाऱ्या माणसांना बसवलं. खेळणी, पुस्तकं, गप्पा, अशी बारा सत्रं. बाळांनी चिनी ध्वनी पकडले. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. त्या गटाला काही आलं नाही. कारण समजायला सोपं आहे. पडदा बोलत राहतो, बाळाने "अं" केलं तर थांबत नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही. आई थांबते. बाळ "अं" म्हणतं, आई म्हणते "अस्सं? मग?" बाळ पुन्हा काहीतरी म्हणतं. एकदा तुझी पाळी, एकदा माझी, हा संवादाचा पहिला नियम मूल शब्दाच्या आधी शिकतं. पदराआड तोंड लपवून "भॉक" करण्यात तोच नियम आहे. चिऊचा घास, काऊचा घास भरवण्यात तोच आहे. आपडी-थापडी खेळताना मूल शेवटच्या टाळीची वाट बघतं, म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज बांधतं. वाक्य समजायलाही हाच अंदाज लागतो.

इथे कुणी म्हणेल की हे शिकलेल्या घरांचं झालं, यार्डातल्या कष्टकऱ्यांच्या घरी शब्दच कमी. हा समजही एका अभ्यासातून पसरला. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या ४२ कुटुंबांच्या नोंदींवरून सांगितलं की गरीब घरातलं मूल फार कमी शब्द ऐकतं. पुढे स्पेरी दांपत्य आणि पेगी मिलर यांनी वेगवेगळ्या वस्त्यांमधली घरं पाहून याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, तुम्ही एकट्या आईचं थेट बोलणं मोजलंत. आजी, मावशी, भावंडं, शेजारी यांचं मुलाभोवती चाललेलं बोलणंही धरलं तर चित्र बदलतं. वाद अजून चालू आहे. पण आमच्या वस्तीत एका खोलीत दादी, चाची, तीन भावंडं आणि दारात शेजारीण असते, हे मी रोज पाहते. तिथे शब्दांचा तुटवडा नाही. तुटवडा असलाच तर कुणीतरी मुलाकडे तोंड करून निवांत बोलायला. पहाटे तीनला उठलेल्या बापाकडे आणि दिवसभर कांदा-लसूण निवडणाऱ्या आईकडे वेळ कमी असतो, भाषा कमी नसते.

हे आपल्या महाराष्ट्रात दोन बायकांनी फार आधी ओळखलं होतं. ताराबाई मोडक यांनी १९२३ पासून भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण त्यांच्या लक्षात आलं की माँटेसरीची महागडी साधनं आणि शहरी शाळा गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्या सोबतीला आल्या मोरगावच्या अनुताई वाघ, बालपणीच विधवा झालेल्या आणि हिमतीने शिकलेल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात नेऊ, असं या दोघींनी ठरवलं. आदिवासी पाड्यावर गोटे, शिंपले, पानं, बिया ही साधनं झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मुलांना त्यांच्या खेळासकट, त्यांच्या बोलीसकट त्यांनी घेतलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पण आपण अंगणवाडीला खिचडीची जागा समजत राहिलो. ती बोलण्या-खेळण्याचीही जागा आहे हे सरकारलाही उशिराच आठवलं. २०२४ साली महिला व बालविकास मंत्रालयाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. त्यात घरच्यांनी बाळाशी काय बोलायचं, काय खेळायचं हे दिलं आहे. आमच्या नानीला तो आराखडा तोंडपाठ होता, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

आता त्या आईचं सांगते. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मुलाचे कान तपासून घे. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर "बाप भी देर सेच बोल्या था" म्हणून बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. भाषाप्रेमापोटी मी ही गोष्ट कुणाला टाळू देणार नाही. तपासणी झाली. वारंवारच्या सर्दीने कानात पाणी साठत होतं, त्यावर उपचार झाले. दुसरी, मोबाईल उचलून ठेव आणि तुझ्या भाषेत बोल. तुझ्याच.

"दखनी चलेगी?" तिने दोनदा विचारलं.

"चलेगीच," मी म्हणाले. वीस वर्षांत मी पहिल्यांदाच 'च' लावून बोलले असेन.

काय बोलू, असा तिचा पुढचा प्रश्न होता. मी म्हटलं, जे करतेस तेच बोल. भाकरी थापताना भाकरी, कपडे घड्या घालताना अब्बाचा शर्ट, दादीचा पदर. तो बोट दाखवेल त्याचं नाव सांग, आणि थांब. त्याला पाळी दे. तो "केल" म्हणाला तर "केला नहीं बोलता?" म्हणून रागावू नकोस, "हौ, केला! पीला केला!" असं म्हण. म्हणजे त्याचा शब्द त्यालाच जरा मोठा करून परत दे. पुढे तो मराठी शेजाऱ्यांकडून मराठी घेईल, मदरशात अरबी घेईल, शाळेत उर्दू-इंग्रजी घेईल. लहान मूल दोन-तीन भाषांनी गोंधळत नाही. मिसळून बोलतं, कारण आपणही मिसळूनच बोलतो. पण पहिली वीट भक्कम हवी, आणि ती ज्याच्या त्याच्या घरातच भाजते.

सात-आठ महिन्यांनी ती मला फुलबाजाराच्या दाराशी भेटली. मूल कडेवर होतं. समोरून हातगाडी ओढत एक हमाल गेला. मुलाने त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "गाडी गया. फूल गया. मेरेकू फूल होना."

तीन वाक्यं. व्याकरणाच्या वहीत मी त्याला लाल शाई लावली असती. तिथे मी गाड्यावरून एक झेंडू घेतला आणि त्याच्या हातात दिला.

माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी म्हाताऱ्या नानी-दादी असतील, त्यांना पाळण्याजवळ, दळताना, बाळाला न्हाऊ घालताना काय म्हणत होता ते विचारा. मोबाईलचा हा एक चांगला उपयोग आहे, ते रेकॉर्ड करून ठेवा. मराठी असो, दखनी असो, कोकणी असो. माझ्या नानीचं गेलं, ते परत येणार नाही. आणि घरात तान्हं बाळ असेल तर चार वर्षं, चार महिने, चार दिवसांची वाट पाहू नका. सबक कधीचाच सुरू झालेला आहे.